शिक्का उमटण्याआधी

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आसपास माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, लायसन्स मिळालं!" मी म्हटले, "अगं, गाडी तर तू केव्हापासून चालवतेस!" त्यावर तिकडून जे ऐकावे लागले ते या स्मरणिकेत छापण्यासारखे नाही. तिला मिळाले होते ते इलिनॉय राज्यात आर्किटेक्ट म्हणून काम करण्याचे लायसन्स.

मुंबईत पाच वर्षे बी. आर्क., मग इथे येऊन मास्टर्स, मग शिकागोच्या एका ऑफिसात उमेदवारी, असा तिचा प्रवास. या देशात नुसती पदवी घेऊन कोणी आर्किटेक्ट होत नाही. अनुभवाच्या ३,७४० तासांची नोंद पुरी करायची, सहा परीक्षा पास व्हायच्या, आणि मग राज्याकडून परवाना मिळाला की तो शब्द आपल्या नावापुढे लावायचा. मी गेली दहा-बारा वर्षे 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' असे कार्डावर छापून फिरतो आहे. त्यासाठी मला एकही परीक्षा द्यावी लागली नाही, हे तिने त्या दिवशी दोनदा ऐकवले.

शनिवारी ती घरी आली. सोबत पेढे होते आणि तिचा नवा कोरा शिक्का होता. गोल रबरी शिक्का, त्यावर तिचे नाव, परवान्याचा क्रमांक आणि राज्याचे नाव. आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी तो वर्तमानपत्रावर चार ठिकाणी उमटवला. पाचव्या वेळी तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "अरे, हे खेळणं नाही." मला तेव्हा हसू आले होते.

हसू मावळायला दोन आठवडे लागले. आमचे एक जुने स्नेही आहेत. त्यांची ओळख पटेल असे काही लिहीत नाही, पण आपल्या गणपतीला मोदक वळायला ज्यांचे घर दरवर्षी पुढे असते अशांपैकीच ते एक कुटुंब. भारतातून त्यांचे आई-वडील सहा महिन्यांसाठी यायचे होते, म्हणून त्यांनी बेसमेंटमध्ये एक बेडरूम आणि बाथरूम काढायचे ठरवले. नकाशे कोणा ओळखीच्याकडून स्वस्तात काढून घेतले होते. त्यांच्या गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटने मात्र त्यावर आर्किटेक्टचा शिक्का मागितला. त्यांनी मला फोन केला. मी भाचीला फोन केला आणि अगदी सहज म्हणालो, "नकाशे तयार आहेत गं. तू फक्त शिक्का मारून दे. आपलीच माणसं आहेत."

ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "मामा, जे मी काढलं नाही, तपासलं नाही, त्यावर शिक्का मारणं हा गुन्हा आहे. माझं लायसन्स जाईल. पण ते सोड. तू इतक्या सहज कसं सांगितलंस?"

तिच्या त्या शेवटच्या प्रश्नाने मला त्या हिवाळ्यात बरेच वाचायला लावले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब. मी आर्किटेक्ट नाही आणि इतिहासकारही नाही. पण ज्या शहराच्या आसपास आपल्यापैकी इतकी कुटुंबे राहतात, तिथेच ही गोष्ट घडली आहे, आणि ती आपल्याला ठाऊक असायला हवी असे वाटले.

इमारत पडली तर जबाबदार कोण, हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कायदे कोरून घेतले. त्यात एक कलम असे की, बांधणाऱ्याने घर कच्चे बांधले आणि ते पडून घरमालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड! न्याय रानटी खरा, पण हिशेब सरळ होता. बांधणारा आणि राहणारा एकमेकांना ओळखत होते. एकाच गावात, कदाचित एकाच गल्लीत राहत होते.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब मोडला, आणि तो जिथे सर्वांत जोरात मोडला त्यांतले एक शहर म्हणजे शिकागो. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री लागलेली आग १० तारखेपर्यंत धुमसत होती. सतरा हजारांवर इमारती जळाल्या, सुमारे तीनशे माणसे गेली आणि एक लाख लोक बेघर झाले. त्या राखेवर शहर पुन्हा उभे राहिले ते धडाक्याने आणि उंच. १८८५ साली विल्यम ल बॅरन जेनी यांची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग झाली. धातूच्या सांगाड्यावर तोललेल्या या इमारतीला पुष्कळ जण जगातली पहिली गगनचुंबी इमारत मानतात. अशा इमारतीत रोज शेकडो माणसे लिफ्टने वर जात. ती कोणी बांधली, कोणी आखली, हे त्यांना माहीत नसे आणि माहीत करून घ्यायचा काही मार्गही नसे.

त्या काळी 'आर्किटेक्ट' अशी पाटी कोणीही लावू शके. सुतार, गवंडी, कंत्राटदार, ज्याला नकाशा काढता येतो असे वाटे तो आर्किटेक्ट. त्यांत उत्तम लोकही होते आणि भोंदूही होते. गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? आणि गिऱ्हाइकाने ओळखले तरी त्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर टायपिंग करणाऱ्या मुलीने ओळखायचे कसे?

यातून १८९७ साली इलिनॉय राज्याने आर्किटेक्टांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे अमेरिकेतले पहिले राज्य. परीक्षा घेणाऱ्या पहिल्या मंडळात डँकमार ॲडलर होते, लुई सलिव्हन यांचे भागीदार आणि शिकागोच्या ऑडिटोरियम थिएटरचे एक शिल्पकार. नेथन रिकर होते. आपल्यापैकी काहींची मुले ज्या अर्बाना-शँपेनच्या विद्यापीठात शिकतात, तिथूनच १८७३ साली ते बाहेर पडले. अमेरिकेत आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीधर झालेले ते पहिले. आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांना परीक्षेशिवाय परवाना मिळण्याची सोय कायद्यात होती, नाहीतर तो मंजूरच झाला नसता. नव्यांना मात्र परीक्षा देणे भाग पडले. पहिल्याच वर्षी, १८९८ मध्ये, परवाना मिळवणाऱ्यांत मॅरियन महोनी ही तरुणी होती. जगात परवाना मिळालेल्या अगदी पहिल्या स्त्री-आर्किटेक्टांत तिची गणना होते. पुढे पती वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्याबरोबर तिने कॅनबेरा शहराच्या आराखड्याची देखणी चित्रे काढली, आणि १९३६ मध्ये कामानिमित्त ती दोघे आपल्या लखनौलाही जाऊन राहिली. भाचीला हे सांगितले तेव्हा तिने नाव ऐकताच मान डोलावली. तिला ते आधीच ठाऊक होते.

या कायद्यामागे शुद्ध लोककल्याणच होते असे मात्र नाही. सुतार-कंत्राटदारांपासून आपला धंदा वेगळा आणि वरचा ठरावा ही आर्किटेक्टांची इच्छाही त्यात होती. पण सरकार एखाद्या धंद्याला कुंपण घालून देते तेव्हा त्याची किंमतही मागते. इतरांना आम्ही हे काम करू देणार नाही, बदल्यात तुम्ही ज्यांना कधी भेटणार नाही अशा लोकांच्या जिवाची काळजी घ्या, हा तो सौदा. परवान्याचा सगळा अर्थ मला या एका वाक्यात सापडला. गिऱ्हाईक पैसे देते, पण परवाना देते ती जनता.

सौदा झाला, पण तो पाळला गेला का? अवघ्या सहा वर्षांत त्याची कसोटी लागली.

शिकागोच्या रँडॉल्फ स्ट्रीटवर आज नेडरलँडर थिएटर आहे. 'हॅमिल्टन'साठी तिकिटांची मारामारी झाली होती त्या ब्रॉडवेवाल्यांच्याच साखळीतले. त्याच जागेवर २३ नोव्हेंबर १९०३ रोजी इरोक्वॉय थिएटर सुरू झाले. संगमरवर, झुंबरे, भव्य जिने. जाहिरातीत लिहिले होते, पूर्णपणे अग्निरोधक. आर्किटेक्ट होता बेंजामिन मार्शल. वय २९ वर्षे, म्हणजे आमच्या भाचीच्याच वयाचा. आर्किटेक्चरचे औपचारिक शिक्षण त्याने घेतले नव्हते, दुसऱ्याच्या हाताखाली काम करून तो शिकला होता. हुशार होता यात शंका नाही. शिकागोचे प्रसिद्ध ड्रेक हॉटेल पुढे त्याच्याच कार्यालयातून निघाले.

थिएटर उघडून पाच आठवडे झाले होते. ३० डिसेंबर, नाताळची सुट्टी, दुपारचा खेळ. प्रेक्षागृहाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी, बहुतेक बायका आणि मुले. दुसऱ्या अंकात रंगमंचावरच्या एका विजेच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आग अडवणारा ॲस्बेस्टॉसचा पडदा खाली येता येता मध्येच अडकला. रंगमंचाच्या छतावरची धूर बाहेर काढणारी झाकणे बंद होती. कलाकारांनी जीव वाचवायला मागचे दार उघडले, थंड वारा आत घुसला आणि आगीचा लोळ वर जाण्याऐवजी प्रेक्षकांवर गेला.

यानंतरची गोष्ट दारांची आहे. बाहेर पडायची दारे पुष्कळ होती. पण काही शोभेच्या पडद्यांमागे लपलेली, काहींना कुलूप, काहींना अशी परदेशी पद्धतीची कडी की घाबरलेल्या माणसाला ती उघडताच येऊ नये. स्वस्त तिकिटवाल्यांनी खालच्या महागड्या जागांवर येऊन बसू नये म्हणून जिन्यांवर लोखंडी जाळीची दारे लावून बंद केलेली. वरच्या मजल्यावरून मागच्या गल्लीत उतरणारे लोखंडी जिने अपुरे होते. गल्लीपलीकडच्या इमारतीतून रंगाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी शिडी आणि फळ्या टाकल्या, त्यावरून काही जण वाचले, काही खाली कोसळले. एकूण ६०२ माणसे गेली. १८७१ च्या आगीत सारे शहर जळाले तेव्हा जितकी गेली त्याच्या दुप्पट, आणि तीही एका इमारतीत, काही मिनिटांत.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते याच्या आधीच्या गोष्टीने. जवळच्या अग्निशमन केंद्राचा एक कप्तान थिएटर उघडण्यापूर्वी आतून फिरून आला होता. आग विझवायची साधने धड नाहीत, हे त्याला दिसले होते. त्याने वरिष्ठांच्या कानावर घातले. उत्तर मिळाले की थिएटरने स्वतःचा फायरमन नेमलेला आहे, आपण काही करू शकत नाही. मालकाला नाताळच्या हंगामाची घाई होती. कंत्राटदाराने काम पुरे झाल्याचे म्हटले, शहराच्या खात्याने परवानगी दिली. प्रत्येकाने आपापल्यापुरते 'ठीक आहे' म्हटले. खटले चालले, पण ६०२ मृत्यूंसाठी अखेर कोणालाही शिक्षा झाली नाही. आर्किटेक्टलाही नाही.

या आगीतून एक चांगली गोष्ट निघाली, ती आपण सगळे रोज वापरतो. इंडियानापोलिसच्या हार्डवेअरच्या दुकानातला कार्ल प्रिन्झलर नावाचा माणूस त्या दिवशी हा खेळ पाहणार होता. कामामुळे त्याचे जाणे हुकले. तो वाचला, पण त्याला चैन पडेना. हेन्री ड्यूपाँट या आर्किटेक्टच्या मदतीने त्याने नुसते ढकलले की उघडणारी दाराची आडवी दांडी तयार केली. १९०८ पासून ती बाजारात आली. आपल्या दिवाळी कार्यक्रमाच्या शाळेच्या हॉलमध्ये बाहेरच्या दाराला जी दांडी असते, आणि जिला धडकून आपली मुले पार्किंग लॉटकडे पळत सुटतात, ती तीच. यंदा हॉलमध्ये गेलात की तिच्याकडे एकदा जरूर पाहा.

त्यानंतर व्यवसायाची आचारसंहिता आली. आर्किटेक्टांची राष्ट्रीय संस्था न्यूयॉर्कमध्ये १८५७ साली तेरा जणांनी सुरू केली होती. तिने १९०९ मध्ये पहिली आचारसंहिता स्वीकारली. ती वाचताना मी जरा चकित झालो. कंत्राटदाराकडून कमिशन घेऊ नये, स्वतः बांधकामाचे कंत्राट घेऊ नये, हे चांगलेच होते. पण जाहिरात करू नये, फी कमी करून दुसऱ्याशी स्पर्धा करू नये, दुसऱ्याचे काम पळवू नये, यावरही तितकाच भर! म्हणजे सभ्य गृहस्थांनी एकमेकांशी कसे वागावे याचे ते नियम होते. इमारतीत बसणाऱ्या अनोळखी माणसाला त्यात मागची जागा होती. फीच्या स्पर्धेवरची बंदी पुढे सरकारने कोर्टात आव्हान दिल्यावर १९७२ मध्ये सोडून द्यावी लागली, आणि संहिता नव्याने लिहिण्याची वेळ आली. आजच्या संहितेतला नियम मात्र स्पष्ट आहे. आपल्या मालकाचा किंवा गिऱ्हाइकाचा एखादा निर्णय कायदा मोडणारा आणि लोकांच्या जिवाला धोका आणणारा आहे असे आर्किटेक्टला कळले, तर त्याने त्यांना तसे सांगायचे, स्वतः संमती द्यायची नाही, आणि तरी ऐकले नाही तर सरकारी बांधकाम अधिकाऱ्याला कळवायचे. इरोक्वॉयच्या त्या कप्तानाचे ऐकून घेणारे कोणी नव्हते. हा नियम आर्किटेक्टला सांगतो की, अशा वेळी वरिष्ठांच्या उत्तरावर थांबायचे नाही.

नियम कागदावर असणे वेगळे आणि त्यासाठी कोणाला जाब द्यावा लागणे वेगळे. ते घडले कॅन्सस सिटीत. तिथे १९८० साली एक मोठे हॉटेल सुरू झाले, हयात रीजन्सी. त्याच्या उंच लॉबीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या पातळीवर छतापासून टांगलेले पादचारी पूल होते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी खाली नाचाचा कार्यक्रम रंगला होता. चौथ्या मजल्याचा पूल सुटून त्याच्या खालच्या दुसऱ्या मजल्याच्या पुलावर पडला आणि दोन्ही गर्दीवर कोसळले. ११४ माणसे गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली.

कारण समजून घ्यायला दोरीचा मल्लखांब आठवा. एका दोरावर दोन मुले लोंबकळत आहेत आणि दोघांनीही दोर धरला आहे. प्रत्येकाच्या मुठीवर फक्त स्वतःचे वजन. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर? दोराला काही फरक पडत नाही, पण वरच्याच्या मुठीवर दोघांचे वजन येते. मूळ नकाशात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून आरपार जात होती. बांधताना सोयीसाठी तिचे दोन तुकडे झाले आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला. वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मूळचा जोडही शहराच्या नियमाला पुरेसा नव्हताच. बदललेल्या नकाशांवर इंजिनिअरच्या कार्यालयाने तपासल्याचा शिक्का मारला होता. त्या जोडाचे गणित मात्र कोणी केले नव्हते.

यात आर्किटेक्ट नव्हे, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर दोषी ठरले. पण ज्या सरकारी मंडळाने त्यांच्यावर कारवाई केली ते मिझुरीत आर्किटेक्ट आणि इंजिनिअर दोघांचेही एकच मंडळ आहे, आणि त्या निकालाचा धडा दोघांनाही सारखाच आहे. फौजदारी खटला कोणावरही झाला नाही. पण मंडळाने तक्रार केली, प्रदीर्घ सुनावणी झाली, १९८५ मध्ये निकाल लागला आणि पाठोपाठ दोन इंजिनिअरांचे परवाने गेले. हे काम हाताखालच्याने पाहिले, सळई बदलली ती दुसऱ्या कंपनीने, असे म्हणून सुटता येणार नाही. ज्याचा शिक्का, त्याची जबाबदारी. ती कोणाकडे सोपवता येत नाही. त्यांतल्या ज्येष्ठ इंजिनिअरने, जॅक गिलम यांनी, पुढे ठिकठिकाणी जाऊन तरुण इंजिनिअरांना स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगितली. हे वाचून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. आपल्या यशाची भाषणे सगळेच देतात.

आता थोडे आपल्या घरचे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये आपली संघटना स्थापन केली. गेटवे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. हीच संघटना १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. कायदा मात्र यायला १९७२ साल उजाडले, म्हणजे इलिनॉयनंतर बरोबर ७५ वर्षांनी. व्यावसायिक वर्तनाचे नियम १९८९ मध्ये आले. त्या कायद्यात आणि इथल्या कायद्यात एक महत्त्वाचा फरक आहे. मार्च २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भारतातला कायदा 'आर्किटेक्ट' या उपाधीला संरक्षण देतो, ते काम करण्याला नाही. नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येणार नाही, पण काम करायला या कायद्याची आडकाठी नाही.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. जुनी मोडकळीला आलेली नव्हे, दहा वर्षेही न झालेली. १६ माणसे गेली. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि पालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. दोष कोणाचा किती हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण गुन्ह्यातली ती यादी वाचताना मला इरोक्वॉय आठवले. तिथेही अशीच साखळी होती, आणि साखळीतल्या प्रत्येकाच्या हातात एक एक शिक्का होता.

आता माझ्या स्वतःच्या शिक्क्याविषयी. भाचीने विचारले होते, "तू इतक्या सहज कसं सांगितलंस?" त्याचे खरे उत्तर असे की मला सवय आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. औषधांच्या नोंदींचा भाग होता. सोमवारी सिस्टिम चालू करायची होती आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चाचण्यांचा एक गठ्ठा उरला होता. वरिष्ठ म्हणाले, "साइन-ऑफ करून टाक, उरलेलं पुढच्या आठवड्यात बघू." मी सही केली. सोमवारी काही बिघडले नाही. मंगळवारी एका नर्सच्या लक्षात आले की एका पडद्यावर मात्रेचे एकक चुकीचे दिसते आहे. तिने पाहिले म्हणून निभावले. मला कोणी जाब विचारला नाही. पुढच्या महिन्यात माझे कौतुक झाले. ही गोष्ट मी आजवर घरीही सांगितली नव्हती. भाचीला त्या रात्री फोनवर सांगितली.

ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुझं लायसन्स जायची भीती नव्हती, कारण तुला लायसन्सच नव्हतं. मला आहे. म्हणून 'नाही' म्हणायला मला एक कारण मिळालंय. तुझ्याकडे तेही नव्हतं." तिने मला सोडवले की आणखी अडकवले, हे मला अजून उमगलेले नाही. परवाना म्हणजे वर चढायची शिडी असे मी समजत होतो. नव्या, तरुण, नोकरीतल्या माणसाला बॉससमोर, गिऱ्हाइकासमोर आणि मामासमोरही 'नाही' म्हणायचा आधार तो देतो, हे मला तिच्याकडून कळले.

बेसमेंटचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. भाचीने शिक्का मारला नाही, पण पाठही फिरवली नाही. "मी येऊन बघते, मोजते आणि नकाशे पहिल्यापासून काढते," असे तिने कळवले. ती गेली. टेप धरायला मीही गेलो. नकाशातल्या त्या बेडरूमला एक छोटीशी खिडकी होती, छताजवळ, फूटभर उंचीची. बाहेर पडायला वाट एकच, जिना. आणि त्या जिन्याच्या तोंडाशी फर्नेस. आग लागली असती तर सत्तरीच्या पुढच्या दोन माणसांना बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी असा नियम आहे, हे भाचीला कोणी सांगावे लागले नाही. मी मात्र तिथे उभा राहून त्या खिडकीकडे पाहत होतो आणि मला 'तू फक्त शिक्का मारून दे' हे माझे शब्द आठवत होते.

भिंत फोडून मोठी खिडकी बसवली, बाहेर खड्डा करून त्यात छोटी शिडी लावली. काही हजार डॉलर जास्त गेले, काम दीड महिना लांबले. स्नेही नाराज झाले. त्यांना अजूनही वाटते की उगाच खर्च झाला. मी वाद घालत नाही. यंदा मोदक वळायला ते आले होते, थोडे उशिरा का होईना.

मे महिन्यात त्यांचे आई-वडील आले. मी भेटायला गेलो तेव्हा आजी त्या खिडकीशी बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. म्हणाल्या, "खोली तळघरात आहे असं ऐकून मी घाबरलेच होते हो. पण उजेड छान येतो."